‘त्वरण’ : एका संज्ञेचा इतिहास

१

मराठी माध्यमाच्या शाळेतील विद्यार्थ्याला ‘त्वरण’ ही संज्ञा पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात भेटते. वेगातील बदलाचा दर म्हणजे त्वरण, ही व्याख्या तो पाठ करतो. पुढे तोच विद्यार्थी मराठी विश्वकोशाचे खंड चाळू लागला म्हणजे त्याच अर्थाने त्याला ‘प्रवेग’ हा शब्द आढळतो. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही एकाच राशीचे वाचक आणि दोन्ही शासनपुरस्कृत ग्रंथांतले. हा केवळ कोशकारांतील मतभेद आहे असे समजून तो सोडून देता येईल. परंतु त्याच्या मुळाशी एक जुना व महत्त्वाचा प्रश्न आहे. शास्त्रीय संज्ञेचा अर्थ तिच्या व्युत्पत्तीतून येतो, की शास्त्राच्या व्यवस्थेत तिला मिळालेल्या जागेतून?

हा प्रश्न वर्गातही उभा राहतो. उभा वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूशी क्षणमात्र थांबतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती, असे विचारले असता पुष्कळ विद्यार्थी ‘शून्य’ असे उत्तर देतात. वास्तविक त्या क्षणीही ते दर सेकंदास सेकंदाला ९.८ मीटर इतकेच असते. व्याख्या पाठ असूनही उत्तर चुकते, कारण कानात ‘त्वरा’ घुमत असते, आणि थांबलेल्या वस्तूला कसली आली त्वरा? प्रस्तुत लेखात ह्या संज्ञेचा व तिच्यामागील कल्पनेचा इतिहास थोडक्यात पाहून वरील प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचे मूळ पाहू. ‘त्वरण’ हा ‘त्वर्’ धातूला ल्युट् प्रत्यय लागून झालेला भाववाचक शब्द. ‘गमन’, ‘पतन’, ‘चलन’ ह्यांच्याच पंक्तीतला. धातुपाठात ‘त्वर्’ चा अर्थ ‘संभ्रम’ असा दिला आहे. येथे संभ्रम म्हणजे मनाचा गोंधळ एवढेच नव्हे, तर लगबग, धांदल, घाईने उडालेली तारांबळ. म्हणजे ह्या धातूच्या पोटात गतीपेक्षा चित्ताची अवस्था अधिक आहे. ‘वेग’ शब्दाचेही तसेच. तो ‘विज्’ धातूपासून आला असून ह्या धातूचे अर्थ भय आणि चलन असे सांगितले आहेत. ‘उद्वेग’, ‘आवेग’, ‘संवेग’ हे सारे त्याच कुळातले. ह्यांपैकी ‘संवेग’ बौद्ध वाङ्मयात संसाराच्या दर्शनाने मनाला बसणाऱ्या धक्क्याचा वाचक होता. आज मराठी पाठ्यपुस्तकात तो वस्तुमान व वेग ह्यांच्या गुणाकाराचे नाव आहे. दचकणे, थरथरणे, लगबगणे ह्या अनुभवांतून आलेले शब्द अखेरीस निर्विकार राशींची नावे झाली.

‘त्वर्’ चे मराठीतील वंशज पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘त्वरा’, ‘त्वरित’ व ‘सत्वर’ ह्यांनी शीघ्रतेचा अर्थ राखला आहे. परंतु ह्याच धातूशी संबद्ध असलेला ‘तूर्त’ हा शब्द मुळात ‘शीघ्र’ असा अर्थ देणारा असून मराठीत ‘सध्यापुरते’ ह्या अर्थाकडे वळला. ‘तूर्त राहू द्या’ असे आपण म्हणतो तेव्हा घाई तर नसतेच, उलट काम पुढे ढकललेले असते. शब्दाचे मूळ त्याच्या आजच्या अर्थाची हमी देत नाही, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

३

आता कल्पनेकडे वळू. पडणारी वस्तू उत्तरोत्तर अधिक जलद पडते, हे प्राचीनांना ठाऊक होते. लॅम्प्सॅकसच्या स्ट्रेटोने (इ. स. पू. तिसरे शतक) त्यासाठी दाखला दिला तो छपरावरून पडणाऱ्या पाण्याचा : वर धार अखंड असते, खाली ती थेंबाथेंबांनी तुटते, ज्या अर्थी ती तुटते, त्या अर्थी पुढचे पाणी मागच्यापेक्षा जलद जात असले पाहिजे. पागोळ्या पाहिलेल्या कोणासही हा दाखला पटेल.

आपल्याकडे वैशेषिकांनी ह्याच घटनेचा विचार निराळ्या चौकटीत केला. त्यांच्या मते ‘वेग’ हा संस्काराच्या तीन प्रकारांपैकी एक. भावना आणि स्थितिस्थापक हे दुसरे दोन. येथे वेग म्हणजे अंतर भागिले काळ नव्हे. गतिमान द्रव्यात उत्पन्न होऊन त्याची गती पुढे चालू ठेवणारा तो एक गुण होय. प्रशस्तपादाच्या विवेचनानुसार पतनाची पहिली क्रिया गुरुत्वामुळे घडते व तिच्यापुढील क्रिया गुरुत्व आणि संस्कार ह्या दोहोंमुळे. पतनात पहिल्या क्षणानंतर काही भर पडते, ही जाणीव येथे स्पष्ट आहे. मात्र ती भर मोजण्याची गरज तत्त्वज्ञाला भासली नाही.

मोजण्याची गरज होती ती ज्योतिष्याला. सूर्यसिद्धान्तात ग्रहांच्या गतीचे आठ प्रकार सांगितले आहेत. वक्र, मंद, मंदतर, सम, शीघ्र इत्यादी नावे त्यात येतात. ह्या वर्गीकरणात गतीच्या पायऱ्या आहेत. एका पायरीवरून दुसरीवर जाण्याच्या दराला मात्र त्यात निराळे नाव नाही. ह्या दिशेने महत्त्वाचे पाऊल पडले ते भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (११५०). आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील अंतर म्हणजे स्थूल दैनिक गती. प्रत्यक्ष त्या क्षणाची ती ‘तात्कालिकी’ गती, असा भेद त्यांनी केला. चंद्राची गती मोठी असल्याने त्याच्या बाबतीत हा भेद विशेष आवश्यक ठरतो. जेथे फल परमावधीस पोहोचते तेथे गतिफल शून्य होते व स्पष्ट गती मध्यम गतीइतकी होते, हेही त्यांना अवगत होते.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव ह्याने खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध असून त्याचा काही भाग जुन्या मराठीत आहे. म्हणजे ही विद्या मराठी मुलखात नांदत होती. तरीही ‘तात्कालिक’ हा शब्द आजच्या मराठीत ‘तेवढ्यापुरता’, ‘हंगामी’ ह्या अर्थी वापरला जातो. ‘तूर्त’ ने जो मार्ग धरला तोच ‘तात्कालिक’ नेही धरला. शास्त्रातील नेमका अर्थ टिकविणारी शिक्षणपरंपरा खंडित झाली, की शब्द लोकव्यवहाराच्या उताराला लागतो.

४

युरोपातही नाव आणि कल्पना एकाच वेळी जन्मास आली नाहीत. लॅटिन ‘केलेर्’ म्हणजे शीघ्र, त्यापासून ‘आक्केलेरारे’, त्वरा करणे, त्यापासून ‘आक्केलेरातिओ’. हा शब्द शास्त्राच्या हाती येण्यापूर्वी शतकानुशतके साध्या ‘घाई’ च्या अर्थाने चालत होता. चौदाव्या शतकात ऑक्सफर्ड येथील मर्टन कॉलेजच्या पंडितांनी गतीचे गणित मांडले तेव्हा त्यांनी दुसरीच भाषा वापरली. ज्या गतीत समान काळात समान भर पडते तिला त्यांनी ‘एकसमान रीतीने विषम’ असे म्हटले. अशा गतीने तोडलेले अंतर तिच्या मध्यक्षणीच्या वेगाने तेवढ्याच काळात तोडलेल्या अंतराइतके असते, हा सिद्धान्त त्यांचाच. पॅरिसच्या निकोल ओरेमने त्याची आकृतीच्या साहाय्याने सिद्धता दिली. ‘एकसमान रीतीने विषम’ हे नाव अवजड खरे, पण त्यात त्वरेचा गंध नाही. गती वाढो अथवा घटो, ते सारखेच लागू पडते.

गॅलिलिओने ‘त्वरित’ गतीचे नाव रूढ केले. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संवादग्रंथात ‘निसर्गतः त्वरित होणाऱ्या गती’ चे विवेचन आहे. समान काळात वेगाची समान भर, ही व्याख्या त्याला सहजासहजी सापडलेली नाही. १६०४ मध्ये पाओलो सार्पी ह्यास लिहिलेल्या पत्रात त्याने वेग हा तोडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे गृहीत धरले होते. अंतर सोडून काळ धरावयाचा, हे लक्षात येण्यास वेळ लागला. त्यानंतर मात्र समान कालखंडांत तोडलेली अंतरे १, ३, ५, ७ ह्या विषम संख्यांच्या प्रमाणात असतात हा नियम त्याने सिद्ध केला व उतरत्या फळीवरून गोळा सोडून पडताळून पाहिला. ही त्वरा कशामुळे उत्पन्न होते ह्याची चर्चा त्याने हेतुपुरस्सर बाजूस ठेविली. ‘का’ सोडून ‘किती’ विचारल्यामुळेच ह्या कल्पनेला निश्चित रूप आले.

तरीही गॅलिलिओचे त्वरण हे शब्दाला धरूनच होते. वेग वाढला तर त्वरण, घटला तर मंदन. वर्तुळात एकाच चालीने फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते, ही कल्पना त्या शब्दात मावणारी नव्हती. तिला वाट करून दिली हायगेन्सच्या वर्तुळगतीच्या अभ्यासाने (१६७३) आणि त्यानंतर न्यूटनच्या प्रिंकिपियाने (१६८७). तेथील चंद्राचे गणित प्रसिद्ध आहे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल तर तेथे ते ३,६०० पटींनी क्षीण असावयास हवे. म्हणजे भूपृष्ठावरचा दगड एका सेकंदात जेवढा पडतो तेवढाच चंद्र एका मिनिटात आपल्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे ढळावयास हवा. आणि गणिताने ते अंतर दोन्ही ठिकाणी सुमारे ४.९ मीटर येते. चंद्राची चाल जवळजवळ स्थिर आहे, तो पृथ्वीच्या जवळही येत नाही, आणि तरीही तो अखंड ‘पडत’ आहे, त्वरित होत आहे! येथे शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे मागे पडला.

दिशेतील बदल हाही वेगातील बदलच, ही गोष्ट सांकेतिक भाषेत सुटसुटीतपणे मांडता आली ती एकोणिसाव्या शतकात सदिश राशींचा विचार रूढ झाल्यावर. हॅमिल्टनने १८४६ मध्ये मांडलेला होडोग्राफ हा त्या मार्गावरचा एक टप्पा. ह्यानंतर वाढ, घट व वळण ही तिन्ही एकाच संज्ञेच्या कक्षेत आली. ब्रेक लावलेली मोटार, वळण घेणारी आगगाडी आणि झाडावरून पडणारे फळ ही तिन्ही पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने त्वरणाचीच उदाहरणे ठरली.

५

चंद्राच्याच इतिहासात ह्या संज्ञेची आणखी एक बोधप्रद कथा आहे. प्राचीन ग्रहणांच्या नोंदी ताडून चंद्राची मध्यम गती शतकानुशतके किंचित वाढत असावी, असा तर्क हॅली ह्याने १६९५ मध्ये केला. ह्या घटनेला ‘चंद्राचे दीर्घकालिक त्वरण’ हे नाव पडले. लाप्लासने १७८७ मध्ये पृथ्वीच्या कक्षेच्या बदलत्या विकेंद्रतेवरून तिचा उलगडा केला. परंतु त्या कारणाने निरीक्षित त्वरणाचा सुमारे निम्माच भाग साधतो, हे ॲडम्सने १८५३ मध्ये दाखविले. उरलेल्याचे कारण अखेर भरतीच्या घर्षणात सापडले. ज्या घड्याळाने आपण चंद्राची गती मोजीत होतो ते घड्याळ, म्हणजे पृथ्वीचे परिवलन, स्वतःच मंदावत आहे. त्याच घर्षणामुळे चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात असून त्याची कोनीय गती वाढण्याऐवजी कमी होत आहे. म्हणजे जिला ‘त्वरण’ म्हटले त्या घटनेच्या गाभ्याशी होते ते मंदनच! नाव मात्र ज्योतिषाच्या ग्रंथांत तसेच राहिले आणि त्याने कोणाची दिशाभूल झाली नाही, कारण जाणकार त्या नावाकडे पाहत नव्हते. नावापुढच्या समीकरणाकडे पाहत होते.

६

ह्या पार्श्वभूमीवर भारतीय भाषांतील पर्याय पाहावेत. हिंदी, बंगाली, ओडिया, तेलुगू व मलयाळम् ह्यांनी ‘त्वरण’ हा शब्द आपापल्या उच्चारानुसार स्वीकारला. गुजराती व पंजाबी पाठ्यपुस्तकांत ‘प्रवेग’ आहे. कन्नडात ‘वेगोत्कर्ष’, तर तमिळमध्ये हाकणे, रेटणे ह्या अर्थाच्या देशी धातूपासून साधलेला ‘मुडुक्कम्’. भारताबाहेर पाहता जर्मन, रशियन, अरबी ह्या भाषांनीही आपापल्या शीघ्रतावाचक शब्दांपासूनच ही संज्ञा बनविली आहे. म्हणजे व्युत्पत्तीचा हा दोष एकट्या मराठीचा किंवा संस्कृतचा नव्हे. जवळजवळ सर्व भाषांनी तो पत्करला आहे.

मराठीत परिभाषेचे काम दाते-कर्वे ह्यांच्या शास्त्रीय परिभाषा कोशाने (१९४८) एकत्रित रूपात पुढे आणले. १९६० नंतर भाषा संचालनालय व विश्वकोशाचे संपादक मंडळ ह्यांनी ते हाती घेतले, आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. तिकडे केंद्र शासनाचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ पासून अखिल भारतीय परिभाषेचा आग्रह धरीत होता. मराठीत दोन संज्ञा शेजारी शेजारी नांदत राहिल्या त्या अशा काळात. ‘प्रवेग’ ला अनुकूल असे एक कारण निश्चित आहे : वेग, संवेग, आवेग ह्या मालिकेत तो सहज बसतो आणि राशींचे परस्परनाते शब्दांतच दाखवितो. उपसर्गांच्या साहाय्याने संज्ञांची कुटुंबे उभारावयाची, ही त्या पिढीतील परिभाषाकारांची आवडती रीत होती आणि तिच्यात तर्कशुद्धता आहे.

तथापि त्याच गुणात दोषही आहे. ‘प्र’ उपसर्ग प्रकर्षाचा. संस्कृतात ‘प्रवेग’ म्हणजे मोठा वेग. मोठा वेग आणि वेगातील बदल ह्यांची गल्लत ही तर विद्यार्थ्यांची नेहमीची चूक, आणि हा शब्द तिलाच दुजोरा देतो. ‘वेगवृद्धी’ किंवा ‘वेगोत्कर्ष’ हे शब्द अधिक स्पष्ट, परंतु ते घट आणि वळण ह्यांना बाहेर ठेवतात. ‘ऋण वेगवृद्धी’ म्हणण्यात जो अडखळा आहे तो कानाला लगेच जाणवतो. ‘त्वरण’ ही अपुरा आहेच. परंतु त्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. एक, ‘त्वरा’ नित्य व्यवहारात असली तरी ‘त्वरण’ नाही. म्हणून त्याला नवा अर्थ देणे सोपे जाते. दुसरी, ‘अवत्वरण’ व ‘ऋण त्वरण’ हे शब्द त्यापासून सुखाने साधतात, आणि पाठ्यपुस्तकांनी ते साधलेही आहेत. बोलका शब्द नेहमीच चांगला असे नाही. कधी कधी तो नको तेही बोलतो.

७

हा विचार केवळ पदार्थविज्ञानाच्या वर्गापुरता राहत नाही. मराठी बोलीत शीघ्रतेचे शब्द विपुल आहेत. त्वरित, जलद, शीघ्र, द्रुत ही त्यांतली काही. न्यायालय ‘जलदगती’, महामार्ग ‘द्रुतगती’; गाडी ‘वेग घेते’, पाऊस ‘जोर धरतो’. परंतु हे बहुतेक शब्द वेगाची पायरी सांगतात. वेग आणि वेगातील बदल ह्यांत भेद करण्याची सवय आपल्या व्यवहारभाषेला फारशी नाही. त्याचे परिणाम वृत्तपत्रांत दिसतात. ‘महागाईचा वेग मंदावला’ हे वाक्य ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असे वाचले जाते. शंभर रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १० टक्क्यांनी व दुसऱ्या वर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर महागाईचा दर निम्मा झाला; वस्तू मात्र ११० रुपयांवरून ११५ रुपये ५० पैशांवर गेली. किंमत, तिच्या वाढीचा दर आणि त्या दरातील बदल ह्या तीन वेगळ्या राशी आहेत, हे ज्याच्या भाषेत रुजलेले नाही त्याला राज्यकर्त्यांचे दावे तपासता येत नाहीत. २०२० च्या साथीत ‘रुग्णवाढीचा वेग कमी झाला’ ह्या वाक्याचा ‘रुग्ण कमी झाले’ असा अर्थ घेणे ह्याच चुकीचे अधिक घातक रूप होते. सोव्हिएत संघात १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह ह्यांनी ‘उस्करेनिये’, म्हणजे त्वरण, ही आर्थिक धोरणाची घोषणा केली. घोषणेत तो शब्द त्वरेचे आश्वासन देत होता; पण राशी म्हणून पाहिले तर त्वरणाला चिन्ह असते, आणि ते ऋणही असू शकते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शास्त्रीय संज्ञेचा अर्थ तिच्या धातूत नसतो. चाल, वेग, त्वरण, संवेग, बल ह्या राशींच्या परस्परसंबंधांत तिला जी जागा मिळते तीत तो असतो. ‘आक्केलेरातिओ’ ला ती जागा मिळण्यास गॅलिलिओपासून हॅमिल्टनपर्यंत दोन शतके लागली. परंतु धातूचा जुना अर्थ नाहीसाही होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानात राहतो आणि चेंडूच्या प्रश्नाला ‘शून्य’ असे उत्तर देववितो. म्हणून परिभाषाकाराचे पहिले कर्तव्य सर्वार्थवाही शब्द शोधीत बसण्याचे नसून एक शब्द निश्चित करून पाठ्यपुस्तक, कोश व विश्वकोश ह्या तिन्हींत तोच राखण्याचे आहे. आज प्रचारात असलेल्या दोहोंपैकी ‘त्वरण’ राखावे असे आमचे मत आहे. शिक्षकाचे कर्तव्य ह्याहून निराळे. त्याने व्याख्येबरोबर शब्दाचा इतिहासही सांगावा आणि ‘त्वरा’ व ‘त्वरण’ ह्यांतील अंतर वर्गात उघड करून दाखवावे. सर्वोच्च बिंदूशी थांबलेला चेंडू आणि एकाच चालीने फिरणारा चंद्र, एवढी दोन उदाहरणे त्यासाठी पुरेशी आहेत.